ब्रिगफ्लॅट्सची ओसरी: क्वेकरांच्या मुलखातले पाच दिवस

या सहलीत आधी रविवार ठरवावा, मग बाकीचे दिवस. सेडबर्ग गावाजवळच्या ब्रिगफ्लॅट्स वस्तीतलं मीटिंग हाउस, म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं उपासनेचं घर, बाहेरून कुठल्याही दिवशी पाहता येतं. पण ते ज्या कामासाठी बांधलं ते काम रविवारी सकाळी तासभर चालतं, आणि त्या तासाला आत बसल्याशिवाय ही वास्तू निम्मीच कळते. म्हणून इथे शुक्रवारी सुरुवात आणि मंगळवारी शेवट असा बेत धरला आहे.

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर, वेस्टमोरलंड आणि यॉर्कशायर हे जुने परगणे जिथे एकमेकांना भिडतात, तिथला हा डोंगराळ पट्टा. क्वेकर मंडळी त्याला ‘१६५२ चा मुलूख’ म्हणतात, कारण त्या एका उन्हाळ्यात इथल्या वाड्यावस्त्यांमधून त्यांचा पंथ उभा राहिला. पंथाचं अधिकृत नाव रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स, आणि ते एकमेकांना फ्रेंड म्हणतात. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे नाव १६५० साली डर्बीच्या एका न्यायाधीशाने हिणवून ठेवलं आणि तेच चिकटलं.

मुक्काम केंडलला सोयीचा, मात्र शनिवारची रात्र सेडबर्गला काढावी. या दोन गावांत सोळा किलोमीटरचं अंतर आहे, बस मोजक्या, आणि रविवारी बसवर अजिबात विसंबू नये. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल १९ हा कागदी नकाशा सोबत हवा, कारण डोंगरात मोबाइलला रेंज जाते.

पहिला दिवस, शुक्रवार: पेंडल

मँचेस्टरहून उत्तरेला येताना पेंडलचा डोंगर वाटेत करता येतो. उंची ५५७ मीटर. पायथ्याच्या बार्ली गावातून साडेतीनशे मीटरच्या आसपास चढ पडतो. पूर्वेकडच्या अंगाला दगडी पायऱ्या आहेत. त्या उभ्या आहेत आणि ओल्या असल्या की निसरड्या होतात. चढून उतरायला तीन तास धरावेत. जलाशयांच्या बाजूची वाट लांबची पण सोपी, गुडघे दुखणाऱ्यांनी तिने उतरावं.

क्वेकर पंथाचा संस्थापक मानला जाणारा जॉर्ज फॉक्स १६५२ च्या वसंतात इथे चढला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. विणकराचा मुलगा, लहानपणी एका चांभाराकडे उमेदवारी केलेला. माथ्यावरून त्याला पश्चिमेचा समुद्र दिसला आणि ‘एक मोठा समुदाय एकत्र यायचा आहे’ असं जाणवलं, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. उतरताना तो एका झऱ्याचं पाणी प्यायला. कित्येक दिवस त्याच्या पोटात जेमतेम काही गेलं होतं. तो झरा फॉक्सचा झरा म्हणून दाखवतात. ढग उतरले असतील तर माथ्यावरून काहीच दिसत नाही, तेव्हा वर जाऊन ताटकळण्यापेक्षा सकाळी गावातूनच माथा मोकळा आहे का ते बघावं.

आसपासच्या दुकानांत चेटकिणींच्या बाहुल्या टांगलेल्या असतात. १६१२ साली या भागातल्या बायकापुरुषांवर चेटूक केल्याचे खटले झाले आणि लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिलं. फॉक्स आला तेव्हा ही गोष्ट फक्त चाळीस वर्षांपूर्वीची होती. हे ध्यानात ठेवावं, पाचव्या दिवशी लागेल.

दुसरा दिवस, शनिवार: सेडबर्ग आणि फर्बँकचा माळ

सेडबर्ग १९७४ पर्यंत यॉर्कशायरमध्ये होतं, नंतर कंब्रियात गेलं. ९ जून १६५२ ला, बुधवारी, इथे मजूर ठरवण्याची जत्रा भरली होती. शेतगडी आणि मोलकरणी वर्षासहामहिन्यांच्या कामासाठी अशा जत्रेत उभ्या राहत आणि मालक त्यांना निवडत. फॉक्स चर्चच्या आत न जाता आवारातच बोलला. चर्च म्हणजे माणसं, दगडी इमारत नव्हे, हे त्याचं म्हणणं. इमारतीला तो ‘मनोरेवालं घर’ म्हणे. संत अँड्र्यूच्या चर्चचं ते आवार पाहायला अर्धा तास पुरे.

दुपारी फर्बँक. सेडबर्गहून ए६८४ रस्त्याने पश्चिमेला निघून लून नदीवरचा लिंकन्स इन पूल ओलांडायचा आणि अरुंद रस्त्याने डोंगरावर चढायचं. इथे चुकणं सोपं आहे: पाट्या थोड्या, आणि खालून खडक दिसत नाही. पडक्या भिंतीतली थोडी झाडं आणि काही थडगी दिसली की पोचलात असं समजावं. तिथे पूर्वी एक छोटं चॅपल होतं. एकोणिसाव्या शतकात वादळाने ते गेलं आणि थडगी राहिली. त्याच्या वरच्या अंगाला जो खडक आहे, तो फॉक्सचा व्यासपीठ-खडक.

१३ जूनच्या रविवारी सकाळी चॅपलमध्ये फ्रान्सिस हाउगिल आणि जॉन ऑडलंड हे दोघे प्रवचन करत होते. फॉक्स बाहेर थांबला. लोक जेवायला पांगले, तेव्हा तो ओढ्याचं पाणी पिऊन खडकावर जाऊन बसला. दुपारी हजारावर माणसं जमली आणि तो तीन तास बोलला. काही म्हातारी मंडळी चॅपलमध्येच बसून खिडकीतून बघत राहिली, कारण चर्च सोडून माळावर प्रवचन ही त्यांना विपरीत गोष्ट वाटली. खडकावरच्या पाटीत ही तारीख, ते तीन तास आणि ती हजार माणसं नोंदलेली आहेत.

फॉक्सच्या वक्तृत्वाचं कौतुक पुष्कळ होतं, पण एकाच माणसाच्या भाषणाने पंथ उभा राहिला असं मानणं बरोबर नाही. इथली माणसं आधीच एकत्र येत होती. त्यांना सीकर्स, म्हणजे शोधणारे, म्हणत. चर्चला द्यावा लागणारा उत्पन्नाचा दशांश त्यांना जाचत होता, पगारी पाद्रीवर विश्वास उरला नव्हता, आणि महिन्यातून एकदा ती प्रेस्टन पॅट्रिक या गावी जमत. फॉक्सला तयार जमीन मिळाली. तीनच दिवसांनी, १६ जूनला, तो प्रेस्टन पॅट्रिकच्या मेळ्यात होता. १३ जूनच्या सकाळी ज्यांनी फर्बँकच्या चॅपलमध्ये प्रवचन केलं तेच हाउगिल आणि ऑडलंड पुढे या पंथाचे प्रचारक झाले. हाउगिल १६६९ साली ॲपलबीच्या तुरुंगात वारला.

माळावर वारा फार. जूनमध्येही जाड कपडे लागतात, आणि आडोसा म्हणून त्या थडग्यांभोवतीची भिंतच काय ती आहे.

तिसरा दिवस, रविवार: ब्रिगफ्लॅट्स

सेडबर्गहून नैर्ऋत्येला दीड मैल. ए६८३ रस्त्याला चालायला धड कडा नाही आणि गाड्या वेगात येतात, म्हणून रॉथी नदीच्या बाजूने जाणारी डेल्स वे ही पायवाट धरावी. पाऊण तास लागतो. पावसानंतर चिखल असतो. वाटेतली फाटकं आपल्यामागे लावून घ्यावीत, मेंढ्या बाहेर पडतात. गाडीने आलात तर वस्तीपर्यंत नेऊ नये. गल्ली अरुंद आहे आणि पुढे बंद होते.

वस्ती मूठभर घरांची. सतराव्या शतकात इथे जवसाच्या धाग्याचं लिनन विणणारे राहत. रिचर्ड रॉबिन्सन त्यांचाच शेजारी. १६५२ च्या जूनमध्ये फॉक्स त्याच्या घरी उतरला होता. पुढची वीसेक वर्षं फ्रेंड्स एकमेकांच्या घरांत जमत राहिले. मग त्यांनी हे घर बांधलं आणि ओसरीच्या दारावर दगडात साल कोरलं: १६७५.

इथे थांबून त्या आकड्याकडे नीट बघावं. १६७० च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त जणांनी चर्चबाहेर उपासनेसाठी जमणं गुन्हा होता. बसणाऱ्याला पहिल्या वेळी पाच शिलिंग दंड, पुढच्या वेळी दहा. बोलणाऱ्याला वीस पौंड, पुन्हा बोलला तर चाळीस. घरमालकालाही वीस पौंड. वीस शिलिंगांचा एक पौंड, यावरून प्रमाण कळेल. ज्याच्याकडे पैसे नसत त्याचा दंड शेजारी बसलेल्याकडून वसूल करायची मुभा होती, आणि वसुलीचा एक तृतीयांश चुगली करणाऱ्याला मिळे. रोख नसली की गाय, कढया, विणलेलं कापड उचलून नेत. या बैठकांना कायद्याने मोकळीक मिळाली १६८९ मध्ये. म्हणजे हे घर चौदा वर्षं बेकायदा उभं होतं, दारावर साल मिरवत. इतर काही पंथांचे लोक रात्री-बेरात्री, जंगलात जमत. क्वेकरांनी ठरवून तसं केलं नाही. ठरल्या वेळी, दार उघडं ठेवून जमायचं आणि शिपाई आले तर बसून राहायचं. आमच्या मते इथलं सगळ्यात मोलाचं दर्शन हा दगडच आहे.

वास्तू म्हणाल तर डेल्समधल्या, म्हणजे इथल्या दऱ्यांमधल्या, एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या घरासारखी. ओबडधोबड दगडांच्या भिंती, त्यावर पांढरा चुना, दगडी उभ्या पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्या, दुमजली ओसरी. ना मनोरा, ना घंटा. आत वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काच नाही. ओकच्या लाकडाचं काम आहे, वर माळा, त्याला खरादी दांड्यांचा कठडा. समोरच्या बाजूला थोडं उंचावर तोंडं सभेकडे करून बसायचं बाक आहे. बोलण्याची सवय असलेली जुनी मंडळी तिथे बसत. माळा मूळ बांधणीनंतरचा आहे. जिन्याच्या पायथ्याशी लाकडी फळ्यांचा एक लहान कोंडवाडा दिसतो. तो कुत्र्यांसाठी. धनगर मेंढ्या राखून थेट इथे येत आणि कुत्रा बाहेर सोडला तर तो दुसऱ्याच्या मेंढ्या उधळणार. खाली वाकून बघितलं की कळतं, एका वेळी दोनतीन कुत्री मावतील एवढीच जागा.

छपराकडे मान वर करून बघावं. कौलं नव्हेत, दगडाच्या चिपा. वळचणीला सर्वांत मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान होत गेलेल्या. असं करण्याला कारण आहे: खाली येईपर्यंत पाण्याचा लोंढा वाढतो, म्हणून तिथे सांधे कमी हवेत, आणि जड दगड भिंतीच्या जवळ राहिला तर वाशांवरचा भार आटोक्यात राहतो. या भागातल्या जुन्या छपरांत चिपांमधल्या फटी शेवाळ ठासून बुजवत. शेवाळ वाळून गळे, म्हणून ते पुन्हा पुन्हा भरावं लागे. कोकणातल्या शाकारणीसारखंच काम. चिपा लाकडी खुंट्यांवर अडकवत. खुंटी कुजली की चिप घसरते, आणि एक घसरली की तिच्याखालच्या लाकडावर पाणी उतरतं. अशा छपराचं दुखणं नेहमी खुंटीपासून सुरू होतं, दगडापासून नव्हे.

भिंतींचं दुखणं वेगळं. दगड-मातीच्या जाड भिंतीत ओल येणारच. चुन्याचा लेप तिला बाहेर जाऊ देतो. विसाव्या शतकात इंग्लंडभर अशा भिंतींच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या, आणि ओल आत कोंडून थंडीत तिचा बर्फ होऊन दगडाचे पापुद्रे सुटले. उपाय जुनाच: सिमेंट खरवडून काढायचं, दरजा चुन्याने भरायच्या, वर चुन्याची पातळ निवळी चारपाच हात द्यायची, प्रत्येक हाताआधी भिंत ओलवायची. कोरड्या भिंतीवर दिला तर चुना भुकटी होऊन हाताला लागतो. गोठायची थंडी असताना काम करायचंच नाही. आपल्याकडे चुन्याच्या आणि स्थानिक मालाच्या बांधकामाचा आग्रह धरणारे लॉरी बेकर क्वेकर होते, हे इथे उभं राहिल्यावर आपसूक आठवतं. परतीच्या बोटीची वाट बघत मुंबईत थांबले असताना गांधीजींशी झालेल्या भेटीने ते भारतात परत यायला प्रवृत्त झाले.

बैठक साधारण साडेदहाला असते, पण वेळ आदल्या दिवशी तपासून घ्यावी. दहा मिनिटं आधी पोचावं. पहिला माणूस बसला की सभा सुरू झाली. कुणी स्वागत करत नाही, गाणं नाही, पाद्री नाही. मोबाइल बंद करून रिकाम्या बाकावर बसायचं, आत फोटो काढायचे नाहीत. तासभर शांतता. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून चार वाक्यं बोलतो आणि बसतो, आणि पुढचा माणूस बोलण्याआधी बराच वेळ जाऊ देतात. नवख्यांच्या दोन चुका होतात. एक, विपश्यनेसारखं आपापलं ध्यान करायला बसल्यासारखं डोळे मिटून स्वतःत शिरणं. इथली शांतता सगळ्यांनी मिळून वाट बघण्याची असते. आजूबाजूच्या माणसांचं भान सुटता कामा नये. दुसरी, आधीच्या बोलण्याला उत्तर देणं. मग सभेची चर्चा होते. कुणीच बोललं नाही तरी सभा फुकट गेली असं ते मानत नाहीत. शेवटी दोन ज्येष्ठ एकमेकांशी हात मिळवतात, की संपलं. मग चहा, आणि विचाराल ते सांगायला माणसं तयार असतात.

त्यांच्या कारभाराची रीतही समजून घ्यावी. मतदान नाही. क्लार्क नावाचा पदाधिकारी सगळ्यांचं ऐकून ठराव तिथल्या तिथे लिहितो, वाचून दाखवतो, हवा तो बदल करतो, आणि सभेने मानला तरच तो वहीत जातो. एकमत झालं नाही तर विषय पुढच्या सभेला. लग्नालाही पाद्री लागत नाही: वधूवर उभे राहून शब्द देतात आणि हजर असलेली सगळी माणसं, पोरंसोरंसुद्धा, दाखल्यावर सही करतात. पंथाबाहेर लग्न केलेल्याला मात्र १८६० च्या आसपासपर्यंत काढून टाकत. अमेरिकेला, विशेषतः पेनसिल्व्हेनियाला, गेलेल्या कुटुंबांनी संख्या घटली, आणि उरलेली या हट्टाने आणखी घटली. ही त्यांची स्वतःची चूक होती, आणि तेही आज तसंच मानतात.

दफनभूमीत सुरुवातीच्या थडग्यांवर दगड नाहीत. मेल्यावर कुणी मोठं दिसू नये म्हणून दगडच लावत नसत. १८५० मध्ये परवानगी मिळाली, तीही सगळ्यांना सारखा, ठेंगणा, साधा दगड या अटीवर. तारखा वाचताना घोटाळा होतो. वारांची आणि महिन्यांची नावं देवदेवतांवरून आली म्हणून क्वेकर आकडेच लिहीत. १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई, तेव्हा पहिला महिना मार्च. म्हणजे फर्बँकची सभा त्यांच्या हिशेबी चौथ्या महिन्याच्या तेराव्या दिवशी झाली. पाडव्याला वर्ष मोजणाऱ्यांना हे चटकन जमतं. १७५२ नंतरच्या कागदात मात्र पहिला महिना जानेवारी धरायचा.

चौथा दिवस, सोमवार: केंडल

केंडलचं मीटिंग हाउस १८१६ चं, शहरी आणि भव्य. ब्रिगफ्लॅट्सनंतर ते फार मोठं वाटतं. इथे क्वेकर टॅपिस्ट्रीची ७७ भरतकामाची चित्रं आहेत. १९८१ साली ॲन विन-विल्सन यांनी टॉन्टनला काम सुरू केलं; पंधरा देशांतल्या चार हजार जणांनी टाके घातले आणि १९९६ ला ते पुरं झालं. लोकरी कापडावर लोकरीचा धागा, आणि अक्षरांना ठसठशीत कड यावी म्हणून नव्याने बसवलेला ‘क्वेकर टाका’. दोन तास ठेवावेत, आणि उघडं आहे का ते आधी विचारावं.

याच गावात १६५४ पासून केंडल फंडाचे हिशेब लिहिले गेले. प्रचाराला जोडीजोडीने निघालेल्या माणसांचे बूट, कपडे, घोडा, तुरुंगातला खर्च, सगळं त्यातून चाले. पंथ टिकला त्यात भाषणांइतकाच या वहीचा वाटा. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन क्वेकर विणकराचा मुलगा. १७८१ ते १७९३ तो इथल्या क्वेकर शाळेत शिकवत होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं धर्माच्या अटीमुळे त्यांना बंद होती, म्हणून शाळा स्वतःच्याच काढाव्या लागल्या. शिक्षणाची ती ओढ पुढे लांबवर गेली: सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकरच.

पाचवा दिवस, मंगळवार: लँकेस्टर, स्वार्थमूर, सनब्रिक

सकाळच्या गाडीने लँकेस्टर. किल्ला आणि मीटिंग हाउस दोन्ही स्टेशनाला लागूनच आहेत. किल्ल्यात २०११ पर्यंत तुरुंग होता. १६६४ मध्ये फॉक्स आणि स्वार्थमूर हॉलची मालकीण मार्गारेट फेल दोघांना इथे न्यायालयात उभं केलं. राजनिष्ठेची शपथ घ्या, एवढंच मागणं. त्यांनी नकार दिला. शपथेवर खरं बोलायचं तर एरवी खोटं चालतं का, हा त्यांचा मुद्दा. शिवाय फॉक्स कुणापुढे टोपी काढत नसे आणि न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणे. त्याने काय आग लागत असेल ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. फॉक्सला ठेवलेल्या खोलीत धूर कोंडे आणि पाऊस बिछान्यावर पडे. मार्गारेट १६६८ पर्यंत कैदेत राहिली, आणि तिथेच तिने बायकांना सभेत बोलण्याचा अधिकार आहे हे मांडणारी पुस्तिका लिहिली. ती १६६६ ला छापली गेली.

लँकेस्टरच्या बंदरावर गुलामांच्या व्यापारात अठराव्या शतकात क्वेकर व्यापारीही होते, डॉडशन फॉस्टर त्यांतला एक. देशभरच्या क्वेकरांच्या लंडनमधल्या वार्षिक सभेने १७६१ मध्ये असा व्यापार करणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं आणि १७८३ मध्ये संसदेकडे अर्ज केला. आधीचा काळ झाकून फक्त अर्जाचं सांगणं खोटं होईल.

तिथून अल्वरस्टनची गाडी पाऊण तासाची. खिडकी डावीकडची घ्यावी. केंट आणि लेव्हन नद्यांच्या मुखांवरून पूल जातात आणि मोरकँब उपसागराची वाळू दिसते. याच वाळूवरून, ओहोटीच्या वेळी, मार्गारेटचा तेव्हाचा नवरा, न्यायाधीश थॉमस फेल, १६५२ च्या उन्हाळ्यात घरी येत होता. वाटेत शेजारी आडवे आले: तुझ्या बायकोवर, पोरांवर कुणीतरी चेटूक केलंय. पेंडलच्या फाशीला चाळीसच वर्षं झालेली, तेव्हा हा आरोप जिवावर बेतणारा होता. हा ‘कुणीतरी’ म्हणजे त्यांच्या घरी आलेला फॉक्स. फेलने घरी येऊन त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. फेल स्वतः क्वेकर कधीच झाला नाही, पण बैठकीला घर दिलं आणि आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून ऐकत बसे.

फेल कुटुंबाचं हे घर, स्वार्थमूर हॉल, स्टेशनापासून वीस मिनिटं चालत. उघडण्याचे वार ठरलेले असतात, ते पाहूनच मंगळवार पक्का करावा. १६५२ पासून १६९० पर्यंत सभा इथल्या मोठ्या खोलीत भरे. फेल १६५८ ला वारला. मार्गारेटने १६६९ मध्ये फॉक्सशी लग्न केलं. जवळच फॉक्सने दान दिलेलं मीटिंग हाउस आहे, दारावर लॅटिनमध्ये ‘जी. एफ. यांचं दान, १६८८’. तो तेव्हा लंडनला होता आणि उत्तरेला परत आलाच नाही. १६९१ च्या जानेवारीत वारला. स्वतःचं दान त्याने पाहिलं नाही.

शेवटी सनब्रिक. हॉलपासून बर्करिगच्या माळावरून तासाभराची चाल. गवतात चौकोनी दगडी भिंत, आत गवतच. एकही थडगं दिसत नाही. मार्गारेट १७०२ मध्ये वारली आणि ती याच भिंतीच्या आत कुठेतरी आहे. समोर खाली उपसागर. तिथे खाली उतरून वाळूवर चालण्याचा मोह होतो. वाटाड्याशिवाय उतरू नये, भरती माणसाच्या पावलापेक्षा जोरात येते आणि रुतणारी वाळू दर मोसमात जागा बदलते. उजेड असतानाच आल्या वाटेने अल्वरस्टनला परतावं.